मोरसड्याची कुस्ती

बळवंतराव सरनोबत आमच्या अंगणात आले तेव्हा आबा म्हशीला पाणी पाजत होते. फाटक करकरलं म्हणून त्यांनी मान वर केली, कोण आलंय ते पाहिलं आणि काहीच न पाहिल्यासारखे पुन्हा बादलीकडे वळले. मी ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मला कळू लागल्यापासून सरनोबतांनी आमच्या अंगणात पाऊल टाकलेलं मी पाहिलं नव्हतं.

"शालन, तुझा बाप घरात हाय का?" बळवंतरावांनी मला विचारलं.

आबा त्यांच्या समोर उभे होते. मधे फक्त म्हैस होती.

मी आबांकडे पाहिलं. त्यांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हशीलाच सांगितल्यासारखं बोलले, "शालन, इचार त्यास्नी, काय काम काढलंय."

"काय काम काढलंत काका?"

"तुझ्या बापाला म्हणावं, मोरसड्यासाठी कुस्त्यांचं मैदान भरवतोय ते कानावर आलंय."

"आबा, ते म्हणतात..."

"मलाबी कान हायत," आबा म्हणाले.

"मग इचार त्याला, शेवटची जोड ठरली का?"

"न्हाई ठरली म्हणावं. मोठा पैलवान फुकट कोण येतोय?"

बळवंतरावांनी काठी ओसरीला टेकवली. सत्तरीकडे झुकलेला माणूस, पण छाती अजून दाराएवढी. ते सावकाश, एकेक शब्द जमिनीत रोवल्यासारखे बोलले.

"त्या जागी माझं नाव घाला. बळवंत सरनोबत विरुद्ध केरबा खोत. निकाली. मी पडलो तर मोरसडा तुझ्या मंडळाचा, शालन. तवर जे काय गोळा झालं असंल तेवढ्यात. वर एक पैसा मागणार न्हाई. आणि तुझा बाप पडला, तर सडा खाणीला. मग त्या जंगलाचं नाव पुन्हा माझ्या दारात काढायचं न्हाई."

आबांच्या हातातली बादली कलंडली. पाणी अंगणभर पसरलं. आई आतून पदराला हात पुसत बाहेर आली होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

"ह्या वयात?" ती म्हणाली. "भावजी, दोघांचा मिळून गुडघा तरी चांगला हाय का एक?"

"वहिनी, गुडघ्यावर कुस्ती हुईत न्हाई."

"शालन," आबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता, "सांग त्यास्नी. कबूल."

बळवंतरावांनी मान हलवली. आईनं चहा दिला तो उभ्यानंच प्यायले, कप ओसरीवर नीट उलटा ठेवला आणि काठी टेकत निघून गेले.

आता हे सगळं काय चाललं होतं ते सांगायला हवं.

आमचं तळेवाडी गाव आंबेगिरी अभयारण्याच्या पायथ्याशी. अभयारण्य म्हणायला एक, पण होते त्याचे दोन तुकडे. वरचं गर्द जंगल आणि खालचं, नदीकाठचं. मधे मोरसडा. काळ्या-तांबड्या जांभ्या दगडाचं लांबरुंद पठार, उन्हाळ्यात तव्यासारखं तापणारं आणि पावसाळा ओसरला की निळ्या-जांभळ्या फुलांनी असं भरणारं, की पाय कुठे ठेवावा कळू नये. वरचे गवे पाण्याला खाली उतरत ते ह्याच सड्यावरून. सडा मात्र सरकारचा नव्हता. तो सरनोबतांच्या वडिलोपार्जित मालकीचा. आणि त्याच्या पोटात बॉक्साइट होतं.

मी तेव्हा तिशीला आले होते. कोल्हापुरात वनस्पतिशास्त्र शिकले आणि तिथल्याच एका छोट्या निसर्ग मंडळात काम करत होते. मंडळ म्हणजे डॉक्टर सबनीस, त्यांचं बंद पडलेलं दवाखान्याचं दालन, पाच-सहा खुर्च्या आणि आम्ही काही वेडे. सबनीस लहान मुलांचे डॉक्टर होते. निवृत्त झाल्यावर पाखरांच्या मागे लागले. मुंबईची एक कंपनी मोरसडा विकत घेणार, तिथं खाण होणार, हे कळलं तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत, असं त्यांच्या बायकोनं मला सांगितलं.

वनखात्याचे साहेब भले होते. म्हणाले, "जमीन विकत घ्यायला तरतूद नाही. पण कुणी ती घेऊन आमच्या हवाली केली, तर अभयारण्याला जोडायचा प्रस्ताव मी स्वतः पुढे नेतो." मग आम्ही कंबर कसली. शाळाशाळांतून फिरलो, गुळाच्या अडत्यांपुढे हात पसरले, डॉक्टरांनी आपल्या जुन्या पेशंटांना, म्हणजे आता बाप झालेल्या पोरांना, गाठून गाठून वर्गणी घेतली. एका शाळेतल्या मुलींनी रक्षाबंधनाच्या ओवाळणीचे पैसे आणून दिले. लोक देत होते, नाही असं नाही. पण कंपनी देत होती त्या आकड्यापुढे आमची झोळी म्हणजे समुद्रात घागर.

तेव्हा आबा एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "मैदान भरवू या. आमच्या लोकांच्या खिशात हात घालायचा तर तांबड्या मातीतनंच घालाय पायजे."

आबा त्यांच्या काळातले नावाजलेले पैलवान. त्यांचा शब्द अजून तालमी-तालमींत चालायचा. पैलवान पोरं बिदागी न घेता लढायला तयार झाली. सगळं जुळत आलं, आणि बळवंतराव अंगणात उभे राहिले.

ते आणि आबा एकाच तालमीतले, एकाच वस्तादांचे पठ्ठे. तरुणपणी एका ताटात जेवलेले, असं गावातली म्हातारी माणसं सांगत. मग कुठल्याशा कुस्तीवरून बिनसलं. कुठली कुस्ती, काय झालं, कुणी धड सांगायचं नाही. आबांना विचारलं तर म्हणत, "जुनं हाय." आणि उठून गोठ्यात जात.

मला स्वतःला बळवंतरावांचं कोडं वेगळंच होतं. त्याच्या आदल्या वर्षी मी सड्यावर फुलांची नोंद करत गुडघ्यावर बसले होते, तर मागून आवाज आला, "ए पोरी, पायतान काढ." वळून पाहिलं तर बळवंतराव. धोतर खोचलेलं, चपला हातात, अनवाणी. दगडावर पाय ठेवत, फुलं चुकवत माझ्यापर्यंत आले.

"ह्याला काय म्हणत्यात?" त्यांनी काठीनं न दाखवता बोटानं दाखवलं.

"सीतेची आसवं."

ते बराच वेळ त्या इवल्या निळ्या फुलांकडे बघत राहिले. "रडली असंल, रडली असंल," असं काहीतरी पुटपुटले आणि चालू लागले. असा माणूस सडा खाणीला विकायला निघतो, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. पण त्यांचा मुलगा रणधीर कंपनीच्या लोकांना गाडीत घालून सडा दाखवत फिरत होता, हेही मी डोळ्यांनी पाहत होते.

पैजेची बातमी सांगायला मी कोल्हापूरला गेले. डॉक्टर सबनिसांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"शालन, हे म्हणजे जुगार झाला. एवढी फुलं, एवढे गवे, मुलींची ओवाळणी, सगळं दोन म्हाताऱ्यांच्या कुस्तीवर लावायचं?"

"नाही लावलं तर सडा जातोच आहे, सर."

"आणि तुझे वडील? त्यांना काही झालं तर?"

ते डॉक्टर होते, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. शेवटी म्हणाले, "मी येईन. माझी बॅग घेऊन येईन. लहान मुलांचं औषध म्हाताऱ्यांनाही चालतं, डोस तेवढा वाढवायचा."

त्यानंतरचे दिवस मला फार प्रेमानं आठवतात. आबा पहाटे उठून तालमीत जाऊ लागले. त्यांच्या नातवाच्या वयाची पोरं त्यांना "या आबा" म्हणून जागा करून देत आणि मग हळूच मातीत लोळवत. घरी येईपर्यंत आबांचं कंबरडं मोडलेलं असे, पण तोंडावर असं तेज, की आई चिडायची.

"बघ, बघ तुझ्या बापाकडं. लग्नात एवढा हसला नव्हता," ती म्हणायची, आणि बदाम वाटायला बसायची. वाटता वाटता बोलणं चालूच. "पडला तर सडा जाईल ते जाईल, वर मलाच शेकत बसाय लागंल." रात्री तीच त्यांच्या गुडघ्याला तेल चोळायची. एकदा मी म्हटलं, "आई, सांग ना त्यांना, नका लढू म्हणून." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही अशुभ बोलले होते.

"एवढी वरसं तो माणूस मनातनं त्या बळवंताशी लढतोय," ती म्हणाली. "एकदा बाहीर लढू दे."

मैदानाच्या आदल्या दिवशी रणधीर आमच्याकडे आला. मी त्याला वाईट माणूस म्हणणार नाही. शेतीत राम राहिला नव्हता, दोन मुली होत्या, त्याला खाणीवर ट्रक लावून काहीतरी उभं करायचं होतं. बापानं दिवाळीनंतर सही करतो असा शब्दही त्याला दिला होता. तो ओसरीच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "ताई, केरबाकाकांना जपा. आमचा म्हातारा अजून बैल आहे. रोज पहाटे उठून जोर मारतो. खोलीचं दार लावून. मला वाटतं तो बऱ्याच वर्षांपासनं मारतोय."

मग पायरीवरून उठत म्हणाला, "मला सडा पायजे. पण असा नको होता. कुणाचं हाड मोडून."

मी त्याला चहा विचारला, पण तो थांबला नाही.

मैदानाला माणूस लोटलं. शाळेमागचा माळ, मधे तांबड्या मातीचा आखाडा, भोवती डोकीच डोकी. झाडांवर पोरं. बायकांसाठी एका बाजूला चटया, तिथं आई, मी आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्या जणी. डॉक्टर सबनीस पंचांच्या मागे बॅग मांडीवर घेऊन बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे. दुपारभर कुस्त्या झाल्या. हलगीवाला थकत नव्हता. जिंकलेला पैलवान आखाड्याला फेरी मारी, लोक हातावर नोटा ठेवत, आणि तो त्या सगळ्या मंडळाच्या पेटीत टाकून कपाळाला माती लावी. डॉक्टर प्रत्येकाला उठून नमस्कार करत होते.

ऊन उतरलं तेव्हा पुकारा झाला. शेवटची जोड.

दोघं आखाड्यात उतरले तेव्हा आधी हसू पिकलं. लांगा कसलेले दोन म्हातारे, एकाचं पोट सुटलेलं, दुसऱ्याच्या फासळ्या दिसणाऱ्या. कुणीतरी ओरडलं, "आजोबा, काठ्या घ्या काठ्या!" मग दोघांनी माती उचलून कपाळाला लावली, एकमेकांच्या अंगावर टाकली आणि शड्डू ठोकले. तो आवाज माळावर असा उमटला की हसणारे गप्प झाले. जुनी माणसं पुढे सरकली.

सलामीला त्यांनी हात मिळवले. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांना पहिल्यांदाच स्पर्श केला असेल. पंचांनी शिट्टी दिली तरी ते हात सुटेनात.

मग मात्र खडाखडी सुरू झाली. मानेवर हात, कपाळाला कपाळ, एकमेकांचा जोर अजमावत दोघं फिरू लागले. पहिला हात बळवंतरावांनीच केला. असे खाली झुकले आणि आबांच्या पायात शिरले, की आबा हवेत उचलले गेले आणि धपकन पडले. पोटावर पडले म्हणून वाचले. बळवंतराव त्यांच्या पाठीवर बसले, मानेवर गुडघा दिला. आईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"पालथा ऱ्हा, पालथा ऱ्हा," ती पुटपुटत होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिला नवऱ्याच्या कुस्त्या पाठ झाल्या होत्या.

आबा कसेबसे निसटले. आता ते मागे गेले, कमरेला विळखा घातला, बळवंतरावांना खाली ओढलं. मैदान उभं राहिलं. आता पलटी मारली की झालंच. मी डोळे मिटणार होते, तेवढ्यात आबांनी हात सोडले. उठून बाजूला उभे राहिले.

"ऊठ," ते म्हणाले.

लोकांना वाटलं म्हातारा दमला. हुर्यो झाली. पुन्हा भिडले. पुन्हा तेच. बळवंतराव खाली, आबा वर, आणि आबा सोडून उभे. ह्या वेळी त्यांचा चेहरा लाल झाला होता. राग होता तो. हलगी थांबली. पंच जवळ जाऊन म्हणाले, "केरबा, काय चाललंय? लढणार हाय का न्हाई?" मागून कुणीतरी ओरडलं, "बरोबरीत सोडवा!" बरोबरीत सुटली तर सडा कुणाचा, हे पैजेत ठरलंच नव्हतं. डॉक्टर सबनीस उभे राहिले होते. आखाड्याच्या पलीकडे रणधीर हाताची घडी घालून, दगडासारखा.

तिसऱ्यांदा भिडले तेव्हा बळवंतरावांनी आबांची मान खाली खेचली, कान तोंडाशी आणला. पैलवान असं करतात, गळपट्टा लागला की डोकी अशीच जुळतात. कुणाला काही वाटलं नाही. पण मी आबांकडे पाहत होते. त्यांचे ओठ हलले. मग बळवंतरावांचे हलले. बराच वेळ दोघं तसेच, कपाळाला कपाळ लावून, मातीनं माखलेले, धापा टाकत उभे होते.

आणि एकदम आबांनी ढाक मारली. बळवंतराव त्यांच्या खांद्यावरून फिरले आणि पाठीवर, दोन्ही खांदे मातीला लावून आडवे झाले. चितपट. आभाळाकडे तोंड.

माळावर जो आवाज झाला तसा मी पुन्हा कधी ऐकला नाही. फेटे उडाले. डॉक्टर सबनीस रडत होते आणि शेजारच्या अनोळखी माणसाला मिठ्या मारत होते. आई मात्र बसूनच होती. "त्यास्नी उठवा की कुणी," ती म्हणत होती. कारण आबा उठत नव्हते. बळवंतरावांच्या छातीवर डोकं ठेवून ते तसेच पडले होते. पंचांनी हाताला धरून ओढलं तेव्हा उठले. विजयाची फेरी मारा म्हणून लोक ओरडत होते, तर ते मातीतच फतकल मारून बसले आणि उठून बसलेल्या बळवंतरावांच्या घामेजल्या पाठीला मूठमूठ माती चोळू लागले. पोराला अंघोळ घालावी तसे.

फेरी मारली ती बळवंतरावांनी. हरलेल्या पैलवानानं फेरी मारलेली त्या मैदानानं त्याआधी पाहिली नव्हती. त्यांनी आबांचा टॉवेल ओढून घेतला, झोळीसारखा पसरला आणि रिंगणाला फिरत ओरडू लागले, "माझा सडा गेला रे! आता पैसं तरी मोकळ्या हातानं टाका! नोटा टाका, चिल्लर देवाला ठेवा!" लोक हसत होते, टाकत होते. बायकांकडे आले तेव्हा एका म्हातारीनं कानातलं काढून दिलं. ते त्यांनी तिच्या हातात परत ठेवलं. "तू गव्यास्नी पाणी पिऊ दे म्हण, आजे, तेवढं बास," म्हणाले.

पैजेला सगळा माळ साक्षी होता. अशा शब्दातून मागे फिरायची आमच्या भागात कुणाची छाती नाही, सरनोबतांची तर नाहीच. जेवढं जमलं होतं तेवढ्यात मोरसडा मंडळाच्या नावे झाला, आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत डॉक्टरांनी तो वनखात्याच्या हवाली केला. कागद यायला वेळ लागला, पण साहेबांनी शब्द पाळला. अभयारण्याचे दोन तुकडे एक झाले. रणधीर वर्षभर बापाशी बोलला नाही. मग मिळालेल्या पैशातून त्यानं गुऱ्हाळ घातलं आणि त्याचा जम बसला. त्याची थोरली मुलगी आता त्याच अभयारण्यात येणाऱ्या शाळांच्या सहली फिरवते. ती मुलांना सड्यावर चपला काढायला लावते.

आणि आबा नि बळवंतराव? मैदानाच्या संध्याकाळी ते विहिरीवर एका बादलीनं अंघोळ करत होते, हे मी पाहिलं. त्यानंतर त्यांच्यात मधे म्हैस लागली नाही. रोज संध्याकाळी बळवंतराव आमच्या ओसरीवर. आई चहा टाकत टाकत वैतागायची, "न बोलत हुतं तेच बरं हुतं की."

गावात सगळे म्हणत, केरबानं त्या वयात सरनोबताला आस्मान दाखवलं. आबा ह्यावर कधी काही बोलले नाहीत. बळवंतराव मात्र मोठ्यानं हसून म्हणत, "लई जोर हाय अजून बेट्यात."

बळवंतराव गेले त्या वर्षी आबांनी ऐंशी ओलांडली होती. भाद्रपद होता. राख सावडून झाली, लोक पांगले, तसं आबा मला म्हणाले, "चल, सड्यावर जाऊ." रणधीरनं गाडीनं सोडतो म्हटलं, पण आबांना चालायचं होतं. मी त्यांचा हात धरला. वर पोचायला वेळ लागला. फुलं बहरात होती, सगळं पठार निळसर. लांब वरच्या जंगलाच्या कडेला गव्यांचा कळप चरत होता. आम्ही एका दगडावर बसलो.

"शालन," आबा म्हणाले, "ती कुस्ती मी मारली न्हाई. त्यानं दिली."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"पहिल्या हाताला त्यानं मला उचलून दाखवलं. म्हणजे मला कळावं, मनात आणलं तर पाडू शकतो. मग खाली गेला तो लाकडासारखा पडूनच. जोरच लावंना. मला राग आला. मी उठून बाजूला झालो. दोनदा झालो. तिसऱ्या वक्ताला त्याच्या कानात म्हटलं, बळवंता, नीट लढ, न्हाईतर मी पाडणार न्हाई. सडा गेला तरी चालंल."

"मग ते काय म्हणाले?"

आबांनी हात दगडावर टेकला. मला वाटलं नेहमीसारखे उठतात की काय. पण उठून जायला इथं गोठा नव्हता.

"आम्ही दोघं तरणी हुतो," ते म्हणाले. "सांगलीकडं मोठं मैदान. बळवंताची कुस्ती पंजाबच्या पैलवानाशी. वस्तादांची सगळी इज्जत तिच्यावर. आणि हा हात लावताच पडला. मी काठावर हुतो. मला सहन झालं न्हाई. मी उभा राहून वरडलो. सगळ्या मैदानाच्या पुढं. 'कुस्ती विकली! बळवंतानं कुस्ती विकली!' मग सगळं मैदान तेच वरडाय लागलं. त्याच्यानंतर त्याला कुणी जोड दिली न्हाई. संपला तो. पंचविशीत. आणि वस्तादांनी मरताना मला सांगितलं, त्या दिवशी त्याच्या अंगात ताप भरला हुता. उभं ऱ्हायाचं बळ नव्हतं. वस्तादांची लाज राखायला उतरला हुता."

"तुम्ही गेला नाही त्यांच्याकडे?"

"कुठल्या तोंडानं जाऊ? आज जाऊ, उद्या जाऊ, करत म्हातारा झालो."

खालच्या बाजूनं वारा आला. फुलं एका अंगाला कलली.

"त्या दिवशी आखाड्यात त्यानं माझी मान खाली वढली," आबा म्हणाले. "म्हणाला, 'केरबा, पोराला न्हाई म्हणवत न्हाई रे मला, आणि सडा उकरलेलाबी बघवायचा न्हाई. पैज हरलो तर पोरगं रागवंल, पण त्याला माझा शब्द मोडला म्हणता येणार न्हाई. गप पाड मला. तू एकदा माझ्या नावानं वरडलास. आज मी खरंच विकतोय कुस्ती. जंगलाला विकतोय. आज तेवढा वरडू नको, म्हंजे झालं.'"

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. हाडं हाताला लागत होती.

"आणि मी पडलो हाडाचा पैलवान," आबा डोळे पुसत हसले, "अशी ढाक मारली, अशी मारली, जल्मात एवढी साफ बसली नव्हती."

"आणि ओरडला नाहीत."

"न्हाई वरडलो. तो हुता तवर कुणाला बोललो न्हाई. तुझ्या आईलासुद्धा न्हाई."

मग ते माझ्या खांद्याचा आधार घेऊन उभे राहिले. पायातल्या चपला काढून त्यांनी दगडावर ठेवल्या. दोन पावलं पुढे गेले, सगळा सडा समोर घेऊन उभे राहिले, तोंडाभोवती हातांची ओंजळ केली आणि त्या म्हाताऱ्या छातीत होता नव्हता तेवढा दम गोळा करून ओरडले,

"बळवंतानं कुस्ती विकलीऽऽ! माझ्या बळवंतानं कुस्ती विकली रेऽऽ!"

पलीकडच्या कड्यावर आवाज आपटून परत आला. चरणाऱ्या गव्यांनी माना वर करून आमच्याकडे पाहिलं, आणि मग आपल्या वाटेनं, एकामागून एक, सड्यावरून खाली पाण्याकडे निघाले.